चौकात ठरलेली ब्रँच

प्रियदर्शनी पहिल्या वर्षाला कॉलेजात पहिली आली आणि तिनं मागितलं काय, तर मेकॅनिकल. कॉम्प्युटर सोडून. ऑफिसातल्या क्लार्कनं तिला दोनदा विचारलं, कारण त्याच्या आजवरच्या नोकरीत सगळी वाहतूक उलट्या दिशेनं झाली होती. मेकॅनिकलला जागा हव्या तेवढ्या होत्या. प्राचार्य तयार होते. फक्त शनिवारी पाचच्या आत वडिलांनी समोर येऊन हो म्हणायचं होतं.

वडील म्हणजे विजयसिंह. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप. पोरगी शाळेपासून सुट्टीत तिथंच असायची. नुसत्या आवाजावरून तिला टूल झिजलेलं कळायचं, आणि हे विजयसिंह पावण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायचे. शिवाय रोज जेवताना एक ठरलेलं भाषण: "इंजिनिअर म्हणून येत्यात, आणि हातात व्हर्नियर दिला की माझ्याच तोंडाकडं बघत्यात."

तेव्हा अडचण यायचं तसं कारण नव्हतं. अडचण शाहूपुरीच्या चौकात टांगलेली होती.

निकालाच्याच संध्याकाळी तिच्या काकांनी, सयाजीरावांनी, फ्लेक्स लावला होता. सयाजीराव तीन निवडणुकांपासून भावी नगरसेवक आहेत. फ्लेक्सवर त्यांचा फोटो दाराएवढा, त्याखाली शुभेच्छुकांची दाटी, आणि उरलेल्या कोपऱ्यात पासपोर्टच्या मापाची प्रियदर्शनी. मधे लाल अक्षरांत: 'आमची वाघीण, भावी सॉफ्टवेअर इंजिनिअर'.

शनिवारी दुपारी ताटावर विषय निघाला.

"फ्लेक्स लागलाय," विजयसिंह म्हणाले.

"मग?" प्रियदर्शनी म्हणाली.

"मग काय? सगळ्या गल्लीनं बघितलंय. गडहिंग्लजचं पावणं एसटीतनं उतरून फोटो काढून गेल्यात. आता काय सांगू, पोरगी खाली घसरली म्हणून?"

"घसरली न्हाय. पहिली आल्याय म्हणूनच बदलून मिळतंय."

"लोकास्नी ते कुठं कळतंय," सयाजीराव म्हणाले. "लोकं म्हणणार, कॉम्प्युटर झेपलं न्हाय. तुझं जाऊ दे गं, खाली माझं नाव हाय."

"खाली न्हाय, काका. वर, खाली, डावीकडं आणि उजवीकडं."

"बघ, बघ कशी बोलत्याय."

"काढा की मग फ्लेक्स."

"काढा? बत्तीस शुभेच्छुक हाईत त्यावर. एकेकाच्या दारात जाऊन तूच सांग."

ती वडिलांकडं वळली. "पप्पा, रोज तुम्हीच म्हणताय, मशीनवर माणूस मिळंना. मी येतो म्हणतो, तर फ्लेक्स आडवा येतोय?"

विजयसिंहांनी आमटीत बघितलं. आमटीनं काही मत दिलं नाही.

"धा दिवस जाऊ देत," ते म्हणाले. "फ्लेक्स उतरला की बघू."

"आज पाचला बंद होतंय."

"मग फुडल्या वर्षी."

"फुडल्या वर्षी न्हाय. एकदाच असतंय."

"आवाज खाली कर. शेजारी ऐकत्यात."

शेजारी फ्लेक्सवर तिसऱ्या रांगेत होते.

पाच वाजून गेले तरी ती उंबऱ्यात चप्पल घालून बसली होती. मग चप्पल काढली, भिरकावली. एक अंगणात पडली, दुसरी सयाजीरावांच्या बुलेटवर. कुणी उचलली नाही.

रविवारी सकाळी फ्लेक्स उतरलेला होता. त्या जागी दुसरा लागला होता, गल्लीतल्या आकारामच्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा. बैलाचा फोटो मात्र पुरा, शेपटासकट. शुभेच्छुक बहुतेक तेच, सयाजीराव डावीकडं.

विजयसिंह दूध घेऊन आले आणि शुभवार्ता सांगावी तसं म्हणाले, "उतरला बघ फ्लेक्स."

"बैलाचं बरं हाय," ती म्हणाली. "त्याला जे येतंय, तेच लिवलंय."

महिन्याभरानं कागलहून त्यांचा फोन आला. ऑपरेटर सोडून गेलेला, मशीन थरथरत होतं. "सुट्टी हाय न्हवं तुला? जरा येऊन बघ की."

मागं मशीन ऐकू येत होतं. काय ढिलं झालंय, ते तिला तेवढ्यात कळलंसुद्धा.

"मी सॉफ्टवेअरची हाय, पप्पा," ती म्हणाली. "शुभेच्छुकास्नी बोलवा. बत्तीस हाईत."

आणि तिनं फोन ठेवला.