हिरवे फुटवे

क्रोटन हे मूळचं दाट पावसाळी जंगलातलं झुडूप. बारा महिने अंगावर पानं, आणि रंगांची मिजास एवढी की फुलांनी मान खाली घालावी. आमच्या रोपवाटिकेत त्याच्या शेकडो कुंड्या. त्यांतल्या एकाच झाडाच्या एकाच फांदीला एकदा काळी पानं आली, मधोमध गुलाबी शीर. ती मी पाहिली. धाकटा भाऊ तेव्हा गिऱ्हाइकाशी गप्पा हाणत होता.

फांदीची साल गोल सोलून, ओलं शेवाळ बांधून मी गुटी केली, मुळं फुटल्यावर ती कापून वेगळी लावली. एकाची दोन, दोनाची दहा असं करत सात वर्षं गेली. चिकाचे तपकिरी डाग माझ्या एकूण एक कपड्यांवर बसले. दर आठवड्याला एक काम मात्र चुकवलं नाही. अशा झाडाला मधूनच जुन्या वाणाचे हिरवे फुटवे येतात, ते लगेच खुडावे लागतात. दया दाखवली की हिरवा माजतो आणि काळ्याला गिळतो. भावाला हे ठाऊक नव्हतं, त्याने कधी विचारलंही नाही.

प्रदर्शनात झाडाला पहिलं बक्षीस मिळालं. भाऊ मंचावर गेला. "सात वर्षं घाम गाळलाय," म्हणाला. घरचं कोणी हाताशी असतं का, असं कुणीतरी विचारलं.

"ताई असते ना. पाणी घालते."

लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी पाणी घालते होय रे?"

"अगं, एका वाक्याचा किती बाऊ करशील! झाड दोघांचंच ना?"

भांडून मोकळं होणं मला जमत नाही, माझा राग आत मुरतो. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त पाणी घातलं. हिरवे फुटवे दिसले की बोटं शिवशिवायची, मी हात मागे बांधायची. भाऊ दुरून नुसती वाढ बघून खूश. "काय फोफावलीत बघ!" म्हणायचा. त्या भरात त्याने एका हॉटेलला काळ्या पानांची दोनशे रोपं कबूलही केली.

वर्षभराने हॉटेलचा माणूस आला आणि हिरव्यागार कुंड्यांची रांग बघून हसला. "असली तर आमच्या कुंपणालाही आहेत," म्हणाला आणि गेला.

"ताई, काय केलंस तू?"

"पाणी घातलं."

भाऊ उपड्या कुंडीवर मटकन बसला. वाटलं होतं, आता काळीज थंड होईल. कसलं काय! मी पहिल्या झाडापाशी धावले, पान न् पान उलटून बघू लागले. काळी पानं असलेली एक काडी मिळाली तरी पुन्हा गुटी बांधता आली असती. भावाला शिकवायचा धडा मी माझ्याच लेकराच्या पाठीवर गिरवला होता.

मागून भाऊ आला. तोही पानं चाळू लागला.

"ताई, नेमकं काय शोधायचं गं? दाखव ना."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि दाखवायला माझ्याकडे एकही काळं पान नव्हतं.