दुसरी दांडी

रेणुकाने पेटी आडवी पाडली, प्लायवूडचा फळा गुडघ्याने दाबून धरला आणि दुसऱ्या दांडीचा शेवटचा स्क्रू आवळला. दांडी डावी-उजवीकडे हलवून पाहिली. स्वच्छ कट् कट् आवाज आला. ती समाधानाने उठत होती, तेवढ्यात गोकुळभाऊ दुकानात शिरला, चप्पल न काढता.

चिखलीत लग्नांना, वाढदिवसांना मंडप, धुराचं यंत्र, गोल फिरणारा कॅमेरा असलं सगळं तो भाड्याने द्यायचा. यंदा लोकांना काही नवीन हवं होतं, म्हणून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रेणुकाला त्याने गेमची पेटी बनवायला सांगितलं होतं. माणसाच्या उंचीची, पाहुण्यांनी उभ्याने खेळावी अशी. गेम कोणता, ते तिच्यावर सोडलं होतं.

तिने हार घालायचा गेम केला. पडद्यावर मित्र नवरदेवाला खांद्यावर उचलून इकडे-तिकडे पळवतात आणि नवरीने उडी मारून त्याच्या गळ्यात हार घालायचा. एका दांडीने नवरदेव पळवायचा, दुसरीने नवरीला उडी मारायला लावायची. दर लग्नाला दोघांचे चेहरे तेवढे बदलायचे. उडी काही केल्या जमत नव्हती. आधी नवरी दगडासारखी खाली यायची, मग फुग्यासारखी तरंगायला लागली. रेणुकाने उडीचा कोड पुन्हा पुन्हा खोडून लिहिला. तिच्या बहिणीच्या, सुवर्णाच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्याला असंच उंच धरलं होतं. सुवर्णा हार घेऊन हात वर करून उभी, सगळा मंडप हसतोय आणि फोटोवाला तिलाच म्हणतोय, जरा हसा. रेणुका तेव्हा तिच्या शेजारीच उभी होती.

"दुसरबीडच्या शेषराव पाटलाचा फोन होता," गोकुळभाऊ म्हणाला. "पोराच्या लग्नात पेटी पाहिजे त्यायले. पण एक सांगतलं त्यायनं. नवरदेव हरला नाही पाहिजे."

"मंग नवरीनं खेळाचं काऊन?"

"खेळू दे ना तिले. फक्त जिंकू नको देऊ. आतून काहीतरी करून ठेव. कोणाले समजते?"

"मले समजते."

"मोठं गिऱ्हाईक आहे वं. पेटीचं पहिलंच लग्न आहे. इथंच बिनसलं तं पुढं कोण विचारीन आपल्याले?"

रेणुकाने पेटी उभी केली आणि तिच्यावरचा भुसा हाताने झटकला.

"गेली तं अशीच जाईन, भाऊ. नाही तं राहू द्या इथं."

"मी त्यायले सांगू काय?"

"सांगा, पोरगी ऐकत नाही म्हणून."

गोकुळभाऊने काय सांगितलं, कोण जाणे. पण लग्नाच्या दिवशी दुसरबीडच्या रस्त्यावरच्या लॉनमध्ये पेटी उभी राहिली आणि शेजारी रेणुकाही. हळद आणि साखरपुडा उरकला होता. पेटीभोवती पोरापोरींची झुंबड उडाली. एका करवलीने चपळाईने उडी साधली आणि पडद्यावरच्या नवरदेवाच्या गळ्यात हार पडला. हशा पिकला. कोणीतरी शिट्टी मारली.

शेषराव पाटील गर्दी बाजूला सारत आले. पांढरं धोतर, खांद्यावर नवं उपरणं.

"ही दुसरी दांडी काढ," ते रेणुकाला म्हणाले. "एकेकट्याला खेळू दे."

"एकट्याचा नाही काका हा खेळ. दोघांचा आहे."

"माझ्या पोराचं तोंड आहे त्याच्यावर. लोक हसायलेत."

"नवरीचंबी तोंड आहे," रेणुका म्हणाली. "मघा पडद्यावर ती पडली तवाबी हसले लोक. तुम्हीबी हसले."

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोकुळभाऊकडे.

"गोकुळ, बंद कर ही पेटी."

गोकुळभाऊ प्लगकडे वळला. रेणुका आडवी आली.

"बंद मी करीन, भाऊ. पण मंग पेटी गाडीत चढवाची. कपडा टाकून कोपऱ्यात नाही ठेवाची."

तिने वाकून वायर हातात घेतली.

"ताई, थांबा."

नवरी आली होती. खामगावची अर्पिता. कोपरापर्यंत मेंदी, हिरवा चुडा, कानामागे हळद तशीच राहिलेली. मागे दोन मावश्या तिला थांबवत होत्या.

"मले खेळाचं आहे," ती म्हणाली आणि मान वळवून नवरदेवाला शोधलं. "चंद्रशेखर, या ना."

चंद्रशेखर नुकताच फेटा बांधून आला होता. तो लाजत, मित्रांचे धपाटे खात पुढे आला आणि त्याने पहिली दांडी धरली. अर्पिताने चुडा वर सरकवला.

ती हरली. उड्या उशिरा घेत होती.

शेषरावांचा चेहरा सैल झाला. पेटीच्या मागच्या बाजूला उडीची उंची कमी-जास्त करायचं एक लहानसं बटण होतं. फक्त रेणुकालाच ठाऊक असलेलं. तिचा हात तिकडे गेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा. मग तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी राहिली.

फाटकाशी बँडवाल्यांनी सूर लावला. नवरदेवाला मारुतीला न्यायची घोडी उन्हात पाय आपटत होती.

"चला, झालं," शेषराव म्हणाले.

अर्पिताने दांडी सोडली नव्हती.

"अजून एकदा."

पुन्हा तीच हरली. या वेळी हार नवरदेवाच्या खांद्याला घासून गेला.

"नवरी रुसली!" मागून कोणी ओरडलं.

"रुसली नाही," अर्पिता पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हरली. परत खेळते."

करवल्या पुढे सरकल्या. मावश्यांपैकी एक टाचा उंचावून पडदा पाहू लागली.

"सूनबाई," शेषराव आवाज आवरून म्हणाले, "वरातीला वेळ व्हायलाय."

"हो, मामाजी."

तिने हात हलवला नाही.

चंद्रशेखरने वडिलांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग दांडीवर घट्ट मिटलेल्या तिच्या मेंदीच्या मुठीकडे. त्याने फेटा काढून पेटीच्या माथ्यावर ठेवला, घामेजला तळवा शेरवानीला पुसला आणि आपली दांडी धरली.

"बाबा," तो म्हणाला, "घोडी जरा सावलीत बांधायला सांगा."