वर्गावणे

आळंदच्या घरात तिसरी केबल आली, तरी संगणकातला फोनचा कप्पा रिकामाच. फोन जोडला की चार्ज व्हायचा. फाइली मात्र दिसायच्या नाहीत. फोन बंडोपंतांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि फोनही आता त्यांच्याच वाटेला लागला होता. पडदा मधूनच काळा पडायचा. तो एकदा कायमचा मिटला, की आत साठलेला बाईंचा आवाज काढायला वाटच उरणार नव्हती.

म्हणून रविवारी गुलबर्ग्याहून लेक आली, विभा.

"अप्पा, जोडल्यावर फोन काही विचारतो का?"

"काही न्हाई," बंडोपंत थकून म्हणाले. उभी हयात तहसील कचेरीत गेलेली. हे उत्तर जिभेवर तयारच असायचं.

विभानं केबल खोचली आणि फोनच्या पडद्याकडे बघत बसली. चौकट उगवली. बाई कानडी शाळेत शिकलेल्या, म्हणून फोनही कानडीत. वर चार्जिंगची ओळ, खाली दुसरी: 'फाइल वर्गावणे'. बंडोपंतांचं बोट सवयीनं वरच्या ओळीकडे निघालं.

"थांबा! तुम्हीच चार्जिंग दाबायलाव व्हय? अन् मी केबलीवर केबली धाडायलेय! कामून?"

बंडोपंतांनी चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"वर्गावणे म्हणजे बदली, विभा. आमच्या ऑर्डरीत हाच शब्द यायचा. औरादहून अफजलपूर, अफजलपूरहून चिंचोळी. गेलं की इकडचं टेबल रिकामं, अन् तिकडं पोचेपर्यंत निम्मं सामान गायब. तुझ्या आईला ह्यातनं हलवायचं, अन् वाटेत कुठं राहिली म्हणजे?"

विभाला हसू येत होतं. ते तिनं गिळलं.

"अप्पा, ही बदली तशी न्हाई. मूळ इथंच राहतंय. तिकडं नुसती नक्कल जाते."

"म्हणजे इथंही अन् तिथंही?"

"व्हय."

"अशी बदली आम्हाला कुठल्या साहेबानं दिली न्हाई."

तेवढ्यात पडदा काळा पडला. विभानं फोन तळहातावर थोपटला, पुन्हा थोपटला, तेव्हा कुठं तो कुरकुरत उजळला. बंडोपंतांनी घाईनं खालची ओळ दाबली.

कप्पा भरू लागला. सगळं उतरल्यावर विभानं त्यातली आवाजाची एक फाइल उघडली.

"अहो, येताना कोथिंबीर आणा. जुडी बघून घ्या, मागल्या बारीला पिवळी आणलीसा."

बंडोपंत खुर्चीतून उठून खुंटीवरच्या बाजाराच्या पिशवीपर्यंत गेले.

"अप्पा, कुठं निघालाव?"

"कुठं न्हाई," म्हणाले, आणि परत येऊन बसले.