काहिलीतला गूळ

सिद्धारामबरोबर नदीकाठाने पायी फिरायला मी काही हौसेने गेलो नव्हतो. माझ्या बहिणीचं, हेमावतीचं, त्याच्याशी लग्न जवळजवळ ठरलं होतं. पाठीवर पिशवी टाकून भीमाशंकरपासून सोलापूरपर्यंत चालत यायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा अप्पा मला म्हणाले, "तूबी जा की त्याच्यासंगं. मानूस कसा हाय बघ आन् येऊन सांग." माझ्या पिशवीत शेंगाचटणीची पुडी घालताना हेमावती एवढंच म्हणाली, "तू हो म्हनलास तर मी हो म्हनीन."

म्हणून मी बघत होतो. पुण्याच्या कॉलेजात त्याला 'सिड' म्हणत आणि त्याचा त्याला कोण अभिमान. रात्री लोकांच्या ओट्यावर झोपायचा, त्यांचं पिठलं-भाकरी हाणायचा आणि गाव मागे पडलं की त्यांच्या तांब्याला नावं ठेवायचा. लाडावलेलं पोर आहे, सुधारेल, असं मी मनाला समजावत होतो. उजनीच्या धरणाचं काम मागे टाकून श्रीपूरच्या अलीकडे पोचलो तेव्हा त्याच्या टाचेला भलामोठा फोड आला होता आणि कुरकुर दुप्पट झाली होती.

तिथे कोंडीबा नावाचा माणूस गूळ करायची काहील नदीत लोटत होता. पलीकडच्या गुऱ्हाळात ती चुलीवर चढायची होती आणि एवढी मोठी लोखंडी कढई डोहातून तरंगवत नेणंच सोपं पडायचं. सिद्धाराम खूश झाला. "आम्हालाही ने. त्या वळणापर्यंत सावकाश फिरव, जरा आराम होईल."

"बसा की," कोंडीबा म्हणाला. "पर पायताण काढा आन् पाय धुवा. ह्यात गूळ शिजायचा हाय."

मी पाय धुऊन बसलो. सिद्धाराम शेणाने माखलेल्या बुटांसकट आत चढला. "लेस सोडत कोण बसतंय?" कोंडीबाने माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऊन कोवळं होतं, पाणी नितळ होतं, काहील हळूहळू गिरक्या घेत चालली होती. कोंडीबा थंडगार पाण्यात पोहत एका हाताने काठ धरून ती ढकलत होता. एरवी मला फार बरं वाटलं असतं. सिद्धाराम पिशवी उशाला घेऊन पसरला, सिगारेट पेटवली आणि राख काहिलीतच झाडली. मग खाकरून तिथेच थुंकला. शेवटी बूट काढून त्याने पिनेने फोड फोडला आणि अंगठ्याला लागलेली घाण काहिलीच्या काठाला पुसली. कोंडीबाचा हात तिथेच होता. त्याने तो पलीकडे सरकवला.

"अरे, ह्यात गूळ करतात," मी म्हणालो.

"उकळतंय की. सगळं मरतंय त्यात."

ह्याच अंगठ्याने हा हेमावतीला कुंकू लावणार होता. पुढे काठ येईपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नाही.

गुऱ्हाळावर कोंडीबाच्या बायकोने, मथुराबाईने, राख आणि वाळू घेऊन काहील लखलखीत होईपर्यंत घासली. आत काय काय झालं होतं ते कोंडीबाने तिला सांगितलं नाही, आणि मलाही सांगवेना. संध्याकाळी तिने पानावर गरम गूळ आणून दिला. सिद्धारामने नाक मुरडून पान लोटलं. "त्याच काहिलीतला ना? नको. मला किळस येते."

"किळस कशाची वो?" मथुराबाई कावरीबावरी झाली. "म्या लई घासलीया." ती आपले राखेने खरखरीत झालेले हात उलटेपालटे करून बघू लागली. मला त्या माणसाची इतकी शिसारी आली, की त्याच्या शेजारी बसवेना. मी उठून लांब बसलो आणि त्याच्याही वाट्याचा गूळ खाल्ला.

निघताना तिने एक ढेकूळ फडक्यात बांधून दिलं. "बहिनीची सोयरिक हाय म्हनलासा. तोंड ग्वाड करा."

घरी पोचलो तर अप्पांनी सोयरिक पक्की झाली म्हणून गल्लीत वाटायला गूळ-खोबऱ्याचं ताट तयार ठेवलेलं. "काय रं, कसा हाय पोरगा?"

मी काहिलीतलं सगळं सांगितलं, थुंकीसकट. हेमावती दाराशी उभी राहून ऐकत होती. मी तिच्या हातावर ते फडकं ठेवलं.

"हा त्याच काहिलीतला?"

"व्हय."

तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "लई ग्वाड हाय," ती म्हणाली आणि अप्पांच्या पुढचं ताट उचलून आत घेऊन गेली.