शिवगंगाबाई आणि गाडीचा फ्यूज

अण्णाप्पांनी १९९७ साली चाळीस वर्षांची जुनी मोटार हौसेनं विकत घेतली. गाडी झकास पळायची. फक्त दिवे लावलेले असताना त्यांची बायको शिवगंगाबाई मागं ऐसपैस बसली, की फ्यूज उडायचा आणि मागचे दिवे विझायचे.

"गाडीला तुझं वजन सोसंना बघ!" अण्णाप्पा गल्लीला ऐकू जाईल असं हसायचे.

तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर शिवगंगाबाई खाली उतरल्या. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. उजवीकडं बसल्यावर दिवे कधीच गेले नव्हते. डावीकडं बसल्यावरच जात होते.

"अवं, नवा फ्यूज घाला आणि माझ्या जागी तुम्ही बसा की."

काडीसारखे अण्णाप्पा ऐटीत डावीकडं टेकले. दिवे गेले!

"आता कुणाचं वजन झालं?" बाईंनी विचारलं, आणि कट्ट्यावरची माणसं खो खो हसली.

दोघांनी मिळून सीट उचलली. खालून मागच्या दिव्यांची तार गेली होती. तिच्यावरचं कापडी वेष्टण झिजलं होतं आणि सीटची डावीकडची मोडकी स्प्रिंग दाबली गेली, की उघड्या तांब्याला टेकून शॉर्टसर्किट होत होतं. अण्णाप्पांनी बॅटरी सोडवली, तारेचा तेवढा तुकडा बदलला, वर रबरी नळी चढवली आणि स्प्रिंग वाकवून घट्ट बांधली.

बॅटरी जोडून त्यांनी नवा फ्यूज घातला आणि दिवे लावले. मग शिवगंगाबाई डावीकडं बसल्या आणि मुद्दाम दोनदा उसळल्या. दिवे लखलखत राहिले.

"चला, कळंब्याच्या तळ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश चालवा. सगळ्यांना दिसू दे, मी बसलीया ते."

"व्हय बाईसाहेब!" म्हणत अण्णाप्पांनी जोरात हॉर्न वाजवला.