विहारातली वर्गणी

पुण्याच्या कॉलेजात नंबर लागल्याचं मी फक्त मायला सांगितलं होतं. मायनं ते कामावर, अंगणवाडीत सांगितलं, म्हणजे अख्ख्या शिरड शहापूरला सांगितलं. लगेच माझ्या चुलतभावानं, धम्मदीपनं, चौकात फ्लेक्स लावला. 'फिजिओथेरपीच्या उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल डॉ. ऐश्वर्याताईचं हार्दिक अभिनंदन.' त्यात माझ्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा. मी अजून जाते म्हटलेलंसुद्धा नव्हतं, पण ते ऐकायची सवड कुणाला होती?

ते कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, तिथं आमची शिष्यवृत्ती चालत नाही. फी, होस्टेल, खाणं धरून दोन वर्षांचे बारा लाख. बँकेतले साहेब म्हणाले, "घर तारण ठेवावं लागेल, आईची सही लागेल." घर म्हणजे बाबा गेल्यावर मायनं एकटीनं उभ्या केलेल्या दोन खोल्या. एवढं शिकून मी हिंगोलीतच परत आले तर पगार वीस हजार, हप्ता सोळा. हिंगोलीत नोकरी करत होते त्या दवाखान्यात दिवसभर लकवा झालेल्यांचे हातपाय हलवता हलवता मी हाच हिशेब करायची. तो काही केल्या जमत नव्हता.

बोलावं कुणाशी? आमच्या जुन्या कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "संधी सोडू नकोस." मैत्रीण सृष्टी म्हणाली, "कर्ज सगळेच काढतात गं." तिच्या पप्पांचं वाशिमला मेडिकल आहे, तिला बोलायला काय जातंय. मी रागानं फोन ठेवला आणि मग खोलीत बसून खूप रडले. एवढी माणसं अभिनंदन करून राहिली होती, आणि तुला झेपेल का म्हणून एकानंही विचारलं नाही. मला फार एकटं वाटलं.

शेवटी मीच ठरवलं. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं होतं, पुढच्या साली परत परीक्षा द्यायची. पुण्याची फी भरायला सोमवारपर्यंत मुदत होती. रविवारी गावी जाऊन मायला सांगायचं, बस.

पण बसमधून उतरले तर धम्मदीप मला थेट विहारात घेऊन गेला. माय पांढरं लुगडं नेसून पुढं बसलेली. वंदना झाली, आणि भीमजयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पारुबाईनं माझ्यापुढं स्टीलचं ताट ठेवलं. ताटभर नोटा.

"जयंतीला फिरतो तसंच घरोघर फिरलो," ती म्हणाली. "आपल्या वस्तीतलं पहिलंच लेकरू एवढं शिकून राहिलं."

दहा-दहाच्याही नोटा होत्या. देणाऱ्या निम्म्या बायका दुसऱ्याच्या रानात सोयाबीन सोंगायला जातात. ते ताट घेऊन गप्प बसणं मला जमलं नाही.

"मी पुण्याला न्हाई जाणार," मी म्हटलं. काहून ते सांगायला लागले, पण हप्ता, तारण असलं काही कुणाच्या कानात शिरेना.

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?" धम्मदीप उसळला. "लोकांला काय तोंड दाखवावं आता?"

"फ्लेक्स लावायच्या आधी तू मला विचारलं व्हतं का?"

पारुबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग ज्याचं त्याला वापस करावं लागंल," एवढंच म्हणाली, आणि एकेकीचं नाव घेऊन पैसे द्यायला लागली. बायका नोटा पदराला बांधून माझ्याकडं न बघता चपला घालत होत्या. मी शेवटपर्यंत तिथंच उभी राहिले.

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली. चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली.

"मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. "मी सही केली असती. घर गेलं असतं तर गेलं असतं."

"ठाऊक हाय मला. म्हणूनच न्हाई विचारलं."

मायनं माझ्यापुरतं ताट वाढलं, माझ्यापुढं सरकवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी एकटीच जेवले.