फूंगमावशीचा पहिला वाडगा

"तेल शिळं झालंय," पहिल्याच घासाला क्वान मास्तर म्हणाले.

"तोंड शिळं झालं असेल तुमचं," फूंगमावशी पाठमोरीच म्हणाली. "दात घासून आलात ना?"

"आयुष्यभर पोरांचे दात तपासलेत मी. मला शिकवू नकोस."

कॉफीच्या गल्ल्यामागे हॉक सेंग खदखदून हसला. इपोह शहराच्या जुन्या वस्तीतलं हे कॉफीचं दुकान त्याचं, आणि दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यातली नूडल्सची गाडी फूंगमावशीची. आधी ती तिच्या आईची होती.

"मास्तर, रोज नावं ठेवता आणि रोज येता," हॉक सेंग म्हणाला. "लाज कशी वाटत नाही?"

"शाळेतही रोज जायचो. तिथे तरी काय चांगलं होतं?"

मावशीने तोंड वाकडं केलं. पण मास्तरांची मान वाडग्यावर झुकताच तिने तेलाचा डबा उचलला, मागच्या टाकाऊ तेलाच्या बादलीत उपडा केला आणि नवा फोडला.

मास्तरांनी वाटीतल्या आंबवलेल्या मिरच्या नेहमीप्रमाणे एकेक करून बशीच्या काठाला लावून ठेवल्या. मिरच्या ते खात नसत, पण मावशीने वाढल्या नाहीत तर विचारत.

फूंगमावशीला वास येत नव्हता. गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर, नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावताना हे तिच्या लक्षात आलं. धूर दिसत होता, डोळ्यांना झोंबतही होता, पण वास नव्हता. दुसरी उदबत्ती लावून पाहिली, मग तिसरी. मग ती खाली बसली.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. नूडल्सवालीचं नाक गेलं, हे बाजारात पसरायला एक सकाळ पुरली असती. हात तर शाबूत होते. वॉनटनच्या, मांस भरलेल्या मैद्याच्या पुरचुंड्या ती डोळे मिटून वळायची. नूडल्स उकळत्या पाण्यातून कधी काढायच्या, हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. पण या नूडल्सच्या कणकेत पापडखारासारखा खार असतो. उकळत्या पाण्यातून काढून त्या पिंपातल्या गार पाण्यात झटकन बुचकळायच्या, म्हणजे खार सुटतो, आणि मग पुन्हा गरम करून वाढायच्या. ते गार पाणी कधी बदलायचं, हे पूर्वी तिचं नाक सांगायचं. आता ते काम रोज पहिला वाडगा खाणाऱ्या मास्तरांचं तोंड करायचं. "पाणी मेलंय तुझं," ते कुरकुरले की ती उलट चार शब्द सुनावायची आणि पाणी बदलायची. मास्तर गेल्यावर उरलेला दिवस ती अंदाजाने काढायची. आपण कुणाच्या जिभेवर गाडी हाकतोय, हे त्यांना कळत नाही, या खुशीत ती होती.

मग डोंगरावरच्या पूर्वजांच्या कबरी झाडायचा, वर्षातून एकदा येणारा रविवार आला. डोंगरावरून उतरलेली कुटुंबंच्या कुटुंबं, हाताला माती, पोटात भूक, थेट दुकानात शिरली. एका टेबलाला दोन-दोन घरं चिकटून बसली. मास्तरही बायकोच्या कबरीवर गेले होते, त्यामुळे पहिला वाडगा परक्याच कुणीतरी मुकाट्याने संपवला. मावशीचे हात यंत्रासारखे चालले. उकळतं, गार, उकळतं, वाडगा. उकळतं, गार, उकळतं, वाडगा.

मग वाडगे अर्धे परत येऊ लागले.

"मावशी, आज काय साबण घातलास का गं?" भाजीवाली चुई यिंग ओरडली. ती गेली कित्येक वर्षं इथेच जेवत होती. "नुसता खार मारतोय!"

"तुझ्याच हाताला असेल साबण," मावशी म्हणाली, पण तिचा हात जागच्या जागी थांबला. तिने पिंपाकडे पाहिलं. पाणी पिवळं, गढूळ झालं होतं. सकाळपासून ते बदललंच नव्हतं.

तेवढ्यात मास्तर आले. बुटांना डोंगराची लाल माती होती. त्यांनी अर्ध्या वाडग्यांवरून नजर फिरवली आणि कधी नव्हे ते गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"फूंग," ते हळू आवाजात म्हणाले, "पाणी बदल."

टोमणा नाही, कुरकुर नाही. त्या मऊ आवाजानेच तिला सगळं कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"एकदा शिळ्या तेलाचा वाडगा हसत हसत पुढे ठेवलास तेव्हापासून. शिळं तेल गाडीवर ठेवणारी बाई नाहीस तू."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज बोलत होतो की." मास्तर किंचित हसले. "पोराचं उत्तर चुकलं तर सगळ्या वर्गासमोर त्याचं नाव घ्यायचं नसतं. नुसतं फळ्याकडे बोट दाखवायचं, ते आपोआप बघतं. पण फूंग, आता मी पर्थला चाललो, मुलीकडे. कायमचा. पुढचं तुला स्वतःलाच विचारावं लागेल."

"कुणाला विचारू? विचारलं की गाडी बुडाली."

मास्तरांनी नुसतं पिंपाकडे बोट दाखवलं. तिने पाणी बदललं.

निघायच्या दिवशी ते सकाळीच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मावशीने वाडगा ठेवला, मिरच्या ठेवल्या आणि वाट पाहत उभी राहिली. मास्तर एक घास खाऊन गप्प बसले. दुसरा घास खाल्ला आणि चॉपस्टिक खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय पण तोंड उघडत नाही, तेव्हा शिक्षक जसा थांबतो, तसे ते थांबले होते.

मावशीने झारा गाडीच्या कडेवर आपटला. सगळं दुकान वळून बघू लागलं.

"ऐका सगळ्यांनी. मला वास येत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. आजवर मास्तरांच्या तोंडाने चालवलं. आता विचारून चालवणार."

"म्हणजे त्या रविवारी..." चुई यिंगने घास हातातच धरला होता.

"हो, त्या रविवारी. पाणी बदलायचं राहिलं होतं. तू खरं बोलत होतीस, मी खोटं. आज बदललंय. खा आणि सांग."

चुई यिंगने वाडगा नाकाशी नेला. सावकाश हुंगला. एक घास चावला, मग दुसरा.

"खार नाही," ती म्हणाली. "सूप मात्र पातळ आहे."

"ते तर तुझ्यासारखीलाही कळतं!"

"थांब गं बाई," हॉक सेंग म्हणाला, "मग माझी कॉफी करपते तेही तुला कळत नाही?"

"ते रंगावरूनच कळतं, शेठ. कोळशासारखी दिसते."

दुकान हसलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. कुणाला वॉनटनमध्ये तिखट हवं होतं, कुणी म्हणे सुपात सुका मासा आणखी भाजून घाल. मावशी प्रत्येकाला उलट उत्तर देत होती आणि ऐकतही होती.

मास्तरांनी वाडगा पुसून खाल्ला. उठताना म्हणाले, "तेल शिळं आहे."

"आज सकाळीच डबा फोडलाय, मास्तर."

"हो का?" ते म्हणाले आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मावशीने पहिला वाडगा भरला आणि सवयीने मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शेजारी मिरच्याही ठेवल्या. दुकान भरत गेलं, दाटीवाटीने टेबलं लागली, पण त्या खुर्चीवर कुणी बसेना. शेवटी हॉक सेंग गल्ला सोडून आला, हात पुसत तिथे टेकला आणि खाऊ लागला. मिरच्या त्याने एका घासात संपवल्या.

"बोला, शेठ."

तो बराच वेळ चावत राहिला. "खार लागतोय थोडा."

मावशीने पिंप दोन्ही हातांनी उचललं, गटारात रिकामं केलं आणि नळाखाली धरलं. पाणी भरेपर्यंत ती टेबलावरच्या बशीच्या रिकाम्या काठाकडे बघत राहिली.

मग नळ बंद करून ओरडली, "हं, पुढचा कोण?"